झिजलेल्या नाण्यांचा वाचक

शिवराई बहुतेकांनी पाहिलेली असते. कुणाच्या देवघरात, कुणाच्या आजीच्या बटव्यात, नाहीतर जुन्या घराच्या फडताळात तांब्याची ती जाडसर, वेडीवाकडी चकती निघते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे तिच्यावर असतात, असे पुस्तकात वाचलेले असते. प्रत्यक्ष हातात आलेल्या शिवराईवर मात्र कधी नुसता ‘रा’ दिसतो, कधी ‘त्र’चा अर्धा तुकडा, कधी तेवढेही नाही. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे काही अक्षरे मुळातच नाण्याबाहेर राहिलेली असतात. उरलेली शे-दोनशे वर्षांच्या देवघेवीत झिजलेली असतात.

गेली तीसेक वर्षे मी अशी नाणी जमवतो आहे. ठसठशीत अक्षरांची, कोरीकरकरीत नाणी ज्यांना परवडतात त्यांनी ती खुशाल घ्यावीत. माझ्यासारख्या पगारदार माणसाच्या वाट्याला जुन्या बाजारातल्या फडक्यावर उरलेली गुळगुळीत, कानस लागलेली, भोक पाडून गळ्यात घातलेली नाणीच येतात. पण खरे सांगायचे तर आता मला त्यांचाच नाद लागला आहे. स्वच्छ नाणे स्वतःच आपले नाव सांगून मोकळे होते. झिजलेल्या नाण्याला मात्र बोलते करावे लागते. या विद्येतला गुरू कोण, असे कुणी विचारले तर मी एका माणसाचे नाव घेतो. तो भारतात आला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि वारला तेव्हा अवघा चाळीस वर्षांचा. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप.

प्रिन्सेपचे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते : त्याने ब्राह्मी लिपी वाचली आणि त्यामुळे सम्राट अशोक जगाला कळला. ओळ खरी आहे. पण त्या वाचनाची किल्ली एका नखाएवढ्या, झिजलेल्या चांदीच्या नाण्याने हाती दिली, आणि ती नाणी आपल्या पश्चिम भारतातली होती, हे त्या एका ओळीत मावत नाही.

प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा, इंग्लंडमधला. वडील जॉन प्रिन्सेप हिंदुस्थानात निळीच्या धंद्यात पैसा मिळवून परतलेले. घरात मुलांचे लेंढार, त्यात जेम्स सातवा मुलगा. हात चित्रकलेत चांगला म्हणून त्याला वास्तुशिल्पाच्या शिक्षणाला घातले. पण बारीक रेखाटनांचा ताण डोळ्यांना सोसेना. दृष्टी अधू होण्याची वेळ आली आणि तो नाद सोडावा लागला. पुढे डोळे सुधारले. तोवर त्याची वाट बदलली होती. तो रसायनशास्त्र शिकला, लंडनच्या टाकसाळीत उमेदवारी केली आणि सप्टेंबर १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूचा कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा मदतनीस म्हणून रुजू झाला. ज्या मुलाला बारीक रेघा पाहू नकोस असे सांगितले गेले होते, त्याने पुढची वीस वर्षे कशात घालवली हे पाहिले की नशिबाची गंमत वाटते.

वर्षभरातच त्याची बदली काशीच्या टाकसाळीत झाली आणि तिथे तो १८३० पर्यंत राहिला. काशीने त्याला आणि त्याने काशीला भरपूर दिले. औरंगजेबाच्या काळातल्या मशिदीचे डळमळीत झालेले मिनार त्याने दुरुस्त केले. साचलेले पाणी गंगेत काढून देण्यासाठी शहराखालून बोगदा बांधला. जिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते असे लोक मानत, त्या कर्मनाशा नदीवर दगडी पूल उभारला. शहराचा नकाशा केला, घाटांची चित्रे काढली. टाकसाळीच्या भट्टीची उष्णता अचूक मोजण्याची पद्धत बसवली आणि मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाइतका फरक दाखवणारा तराजू तयार केला. १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. तेव्हा त्याचे वय होते अठ्ठावीस.

नाण्याची झीज हा त्याच्या नोकरीचाच विषय होता. त्या काळी आपल्या देशात किती तरी प्रकारचे रुपये चालत. बंगालचा सिक्का, फरुखाबादी, सुरती, अर्काटी, आणि आपल्या पुण्याकडचा अंकुशी. गावोगावचे सराफ प्रत्येक नाणे पारखून, त्याची झीज पाहून, बट्टा कापून पैसे देत. बंगालमध्ये तर नाण्यावरचे साल जुने झाले की त्याची किंमत उतरे : पहिल्या वर्षानंतर शेकडा तीन आणि पुढे शेकडा पाच. म्हणून कंपनीने शेवटी बादशहाच्या एकोणिसाव्या वर्षाचे साल सगळ्याच रुपयांवर कायमचे गोठवून टाकले. हा सगळा गोंधळ संपवून साऱ्या मुलखाला एकच रुपया द्यावा, असे म्हणणाऱ्यांत प्रिन्सेप आघाडीवर होता. १८३५ च्या कायद्याने तो रुपया आला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आपल्या आजोबा-पणजोबांचे सोने-चांदी ज्या तोळ्याने मोजले गेले, त्याच्या प्रमाणामागे या माणसाचा तराजू आहे.

म्हणजे दिवसा हा माणूस झिजलेल्या नाण्याला बट्टा किती, ते वितळवून नवे किती पाडायचे, याचा हिशेब करत होता. रात्री मात्र तो याच्या अगदी उलट काम करी. ज्या नाण्याला बाजारात किंमत उरली नाही, त्यावर काय लिहिले होते ते शोधी.

१८३२ मध्ये तो कलकत्त्याच्या टाकसाळीतला प्रमुख कसपरीक्षक झाला आणि त्याच वेळी एशियाटिक सोसायटीचा सचिवही. सोसायटीचे मासिक तो स्वतः संपादित करू लागला. पंजाबात रणजितसिंहांच्या नोकरीतला इटालियन सेनानी व्हेंतुरा याने १८३० मध्ये रावळपिंडीजवळच्या माणिक्यालाचा स्तूप खणला होता. त्यात सापडलेली नाणी प्रिन्सेपकडे आली. अफगाणिस्तानात चार्ल्स मॅसन नावाचा एक भटका बेग्रामच्या माळावर हजारो नाणी वेचत होता. त्याचीही माहिती येऊ लागली. पाठोपाठ छावण्यांतले कॅप्टन, डॉक्टर, इंजिनियर नाणी, लाखेचे ठसे, कागदावरची रेखाटने टपालाने पाठवू लागले. मासिकात प्रत्येकाचे नाव छापून येई. त्यामुळे पाठवणाऱ्यालाही हुरूप येई.

इथे नाण्याच्या वाचनाचे मर्म सांगितले पाहिजे. झिजलेले नाणे एकटे वाचता येत नाही. एका नाण्यावर डावीकडची चार अक्षरे उरलेली असतात, त्याच जातीच्या दुसऱ्यावर उजवीकडची तीन, तिसऱ्यावर मधली दोन. ती शेजारी ठेवली, हाताने कागदावर उतरवून घेतली, की हळूहळू पूर्ण ओळ उभी राहते. मीही तेच करतो. आधी वजन, मग व्यास, मग धातू. वजनावरून नाणे कोणत्या घराण्याचे नाही, एवढे तरी पुष्कळदा कळते. नंतर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा उजेड टाकायचा. समोरच्या उजेडात सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरांच्या सावल्या पडतात. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवली तर कधी डोळ्यांना न दिसलेली रेघ कागदावर उमटते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, जे दिसते तेवढेच काढायचे, जे असावेसे वाटते ते नाही. प्रिन्सेप मासिकातली नाण्यांची चित्रे स्वतः काढी आणि स्वतः कोरी. मला वाटते, त्याचे अर्धे वाचन त्या चित्रे काढणाऱ्या बोटांनी केले असावे.

वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी लिपी असे. दोन्हीकडे राजाचे नाव एकच असणार, हा धागा धरून मॅसनने आणि त्याच्यामागून प्रिन्सेपने उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या खरोष्ठीची अक्षरे उलगडायला सुरुवात केली. ब्राह्मी मात्र अजून मुकी होती. दिल्ली, प्रयाग, साँची, ओरिसातले खडक, सगळीकडे तीच काड्या-काड्यांची अक्षरे, आणि ती वाचणारा देशात एकही पंडित उरला नव्हता.

१८३७ च्या मे महिन्यात प्रिन्सेपपुढे सौराष्ट्राकडची चांदीची नाणी होती. आज आपण त्यांना पश्चिमी क्षत्रपांची नाणी म्हणतो. अंगठ्याच्या नखाएवढे नाणे, वजन साधारण दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा, मागे कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, आणि कडेने बारीक अक्षरांची माळ. ही अक्षरे अशोकाच्या काळानंतरची, म्हणून गुप्तकाळच्या वाचता येणाऱ्या लिपीला जवळची होती. नदीच्या मुखापासून उगमाकडे चालत जावे तसा प्रिन्सेप ओळखीच्या अक्षरांवरून अनोळखी अक्षरांकडे मागे मागे गेला. त्या माळेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. राजाचे नाव, बापाचे नाव, पदवी, आणि शेवटी ‘स’. ‘क्षत्रपस’, ‘पुत्रस’. हा ‘स’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, आपल्या मराठीतला ‘चा’.

हे कळले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साँचीच्या स्तूपाच्या कठड्यावरचे ठसे त्याच्यापुढे आले. कॅप्टन एडवर्ड स्मिथने ते उतरवून पाठवले होते. सारे लेख लहान लहान, आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब. प्रिन्सेपच्या ध्यानात आले की देवळात, घाटावर असे सुटे सुटे लेख कोण कोरते? दान देणारा. तो काशीत दहा वर्षे राहिलेला होता. शेवटची दोन अक्षरे म्हणजे ‘दानं’ असणार. आणि त्याच्या आधी येणारे अक्षर तर ओळखीचेच निघाले : नाण्यावरचा तो ‘स’. अमक्याचे दान, तमकीचे दान. ‘द’ आणि ‘न’ मिळाले, मग बाकीची अक्षरे एकामागून एक सुटत गेली. पुढे काही आठवड्यांतच दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातला स्तंभ वाचून झाला. कमलाकांत नावाचे पंडित या कामात त्याच्या शेजारी बसलेले असत.

स्तंभावर बोलत होता देवानंपिय पियदसि नावाचा राजा. हा कोण? पुराणांतल्या वंशावळीत असे नाव नव्हते. उत्तर सिलोनहून आले. तिथल्या पाली ग्रंथांचा अभ्यासक जॉर्ज टर्नर याला जुन्या ग्रंथात आढळले की पियदसि हे अशोकाचेच नाव. पुराणांच्या यादीत नुसते नाव बनून राहिलेला राजा एकाएकी स्वतःच्या आवाजात बोलू लागला. पुढे १९१५ मध्ये मस्कीच्या शिलालेखात अशोक हे नावच कोरलेले सापडले आणि टर्नरच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब झाले.

या कामात मुंबईचाही हात आहे. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावरच्या लेखांची प्रत रेव्हरंड जॉन विल्सन यांनी केली होती. ज्यांच्या नावाचे कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, तेच हे विल्सन. मुंबई सरकारचे सचिव वॉथेन यांनी ती प्रत कलकत्त्याला धाडली. १८३८ च्या आरंभी प्रिन्सेपला त्या लेखांत अंतियोक या ग्रीक राजाचे नाव सापडले. ग्रीक राजांचा काळ ठाऊक होता. त्यामुळे अशोकाचाही काळ ठरला, आणि भारताच्या प्राचीन इतिहासाला पहिल्यांदा भक्कम खुंटी मिळाली.

हे सारे तो कसे करत होता? दिवसभर टाकसाळ, मग सोसायटीची पत्रे, दरमहा मासिक, चित्रांचे कोरीव काम आणि रात्री अक्षरे. १८३५ मध्ये हॅरिएट ओबेर हिच्याशी त्याचे लग्न झाले होते, एक मुलगीही झाली. १८३८ मध्ये डोके विलक्षण दुखू लागले. त्याच वर्षी तो क्षत्रपांच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे कोरलेले बारीक आकडे वाचण्याच्या मागे लागला होता. वर्षअखेर त्याला जहाजावर चढवून मायदेशी नेले, तोवर त्याच्या मनाचा ताबा सुटू लागला होता. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये तो गेला. विसरली गेलेली अक्षरे ज्याने साऱ्या देशाला परत मिळवून दिली, त्याची स्वतःची बुद्धी अखेरीस विझून गेली. कलकत्त्यात हुगळीच्या काठी त्याच्या नावाचा घाट आहे. हिमालयातल्या एका झुडपालाही प्रिन्सेपिया असे नाव आहे.

मला मात्र त्याचे सगळ्यांत मोठे स्मारक दुसरीकडेच दिसते. ते आहे त्याच्या एका चुकीत. क्षत्रपांच्या नाण्यांवरही ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान असे. त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावरच्या मात्रा नाण्याबाहेर जात. देवनागरीत शिरोरेघेच्या वरचे सगळे कापून टाकले तर ‘मोर’ आणि ‘मार’ यांत, ‘वेळ’ आणि ‘वळ’ यांत काय फरक उरेल? तसेच इथे झाले. ‘रुद्रसिंह’ या नावातल्या ‘सीह’ची वेलांटी कापली गेलेली होती. प्रिन्सेपने ते ‘साह’ असे वाचले आणि सौराष्ट्राच्या इतिहासात कधीही नसलेले एक ‘साह घराणे’ येऊन बसले, ते कित्येक वर्षे हलले नाही.

ते हलवले त्याच्याच अक्षरमालेने. नंतरच्या अभ्यासकांना अधिक नाणी मिळाली, काहींवर मात्रा शाबूत होत्या, आणि साहांचे सिंह झाले. या अभ्यासकांत आपल्या मुंबईतले पंडित भगवानलाल इंद्रजी होते. जुनागढचा हा मुलगा प्रिन्सेपच्या अक्षरांचा तक्ता मिळवून गिरनारच्या खडकापुढे उभा राहिला आणि स्वतःच लेख वाचायला शिकला. पुढे तो डॉ. भाऊ दाजी लाडांचा सहकारी झाला. आयुष्यभर त्याने क्षत्रपांची नाणी जमवली. त्यांच्या डोक्यामागचे आकडे शकाचे आहेत. म्हणजे आपल्या पंचांगावर आजही छापला जातो तोच शक. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तोही याच भगवानलालांना. आज तो मुंबईच्या संग्रहालयात आहे.

पुढचा अध्याय नाशिकजवळ घडला. १९०६ मध्ये जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा हंडा निघाला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. एरवी असे नाणे बिघडलेले म्हणून कुणी बाजूला टाकले असते. नहपानाच्या नाकावर डोंगर, कानावर अक्षरे, काहीच धड नाही. पण त्या बिघाडातच साक्ष होती की सातवाहनाने क्षत्रपाला हरवले आणि त्याच्याच चांदीवर आपली मोहोर उमटवली. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात जो पराक्रम सांगितला आहे, त्याला हजारो नाण्यांनी दुजोरा दिला. हंडा एकत्र राहिला, कुणी तो वितळवला नाही, म्हणून हे कळले.

सगळ्या हंड्यांचे नशीब असे नसते. किती तरी हंडे सराफाच्या मुशीत गेले, किती तरी चार गावांच्या बाजारांत विखुरले. घरातली नाणीही सुटत नाहीत. मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ मोठ्या उत्साहाने माझ्याकडे एक शिवराई घेऊन आले. चिंच आणि राख लावून त्यांनी ती नव्या पातेल्यासारखी लख्ख केली होती. तांबे चमकत होते आणि अक्षर एकही उरले नव्हते. दोनशे वर्षांच्या देवघेवीने जे पुसले नव्हते ते एका दुपारने पुसले. त्यांना काय सांगणार? मी चहा पुढे केला.

म्हणून घरात जुने नाणे असेल तर एवढेच करावे. घासू नये. कोमट पाण्याने धूळ काढून मऊ कापडाने टिपावे. ते कुठे मिळाले, कुणाकडून आले, हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवावे. जमिनीतून निघालेले असेल तर सरकारी अधिकाऱ्यांना कळवावे, कायदाच तसा आहे. आणि जाणत्या माणसाला दाखवावे, एकाला नव्हे, दोघांना. एका डोळ्याला दिसलेले ‘साह’ दुसऱ्या डोळ्याला ‘सिंह’ दिसू शकते.

प्रिन्सेपने काय केले, याचा मी जेव्हा विचार करतो तेव्हा मला वाटते की त्याने नाण्यांवरचा बट्टा दोनदा काढला. एकदा टाकसाळीत, सगळ्या मुलखाला एक रुपया मिळावा म्हणून. आणि दुसऱ्यांदा आपल्या टेबलावर, जिथे पूर्ण झिजलेल्या नाण्याचीही किंमत कमी होत नव्हती. आपले वाचन अपुरे आहे हे जाणून त्याने पुराव्याची चित्रे छापली, अक्षरांचा तक्ता सर्वांपुढे ठेवला आणि आपल्याला खोटे ठरवण्याचे साधन पुढच्यांच्या हाती दिले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढे करून गेलेल्या माणसाच्या नावावर ‘साह घराणे’ राहिले काय आणि गेले काय, काही फरक पडत नाही.